निळी रेघ सरकली आणि जमिनीचा मालक बदलला: ओरेगनच्या ओसाड माळरानाचे जुने नकाशे काय सांगतात?

गोव्याच्या सातपट मोठी काउंटी आणि तिथली एकूण लोकसंख्या ७,४९५. म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या गावाएवढी.

हा आकडा आहे अमेरिकेच्या ओरेगन राज्यातल्या हार्नी काउंटीचा. काउंटी म्हणजे साधारण आपल्याकडचा जिल्हा. २०२० च्या जनगणनेत इथे साडेसात हजारही माणसं भरली नाहीत. गुरं मात्र माणसांच्या कितीतरी पट जास्त. तासभर गाडी चालवली तरी समोरून वाहन येईलच याची खात्री नाही.

आता प्रश्न पडेल की अशा ओसाड ठिकाणचे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचे नकाशे बघून कुणाला काय मिळणार?

बरंच काही. या नकाशांवरच्या एका रेघेवरून इथे खून झाला आहे. दोन खटले थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आहेत. आणि जमिनीखालचं पाणी कुठे गेलं याचा शोध घेतानाही जुन्या नोंदी उघडाव्या लागतात.

हे नकाशे कुणी काढले, त्यात काय दिसतं, काय दिसत नाही आणि ते वाचायचे कसे, हे समजून घेऊया.

हा भाग नेमका आहे कसा?

ओरेगन म्हटलं की घनदाट जंगल आणि पाऊस डोळ्यांसमोर येतो. पण ते झालं पश्चिम ओरेगन. मध्ये कॅस्केड पर्वतरांग उभी आहे. पॅसिफिक महासागरावरून येणारे ढग या रांगेवर रिकामे होतात आणि पलीकडे पोहोचेपर्यंत त्यांच्यात फारसं काही उरत नाही. महाबळेश्वरला धो धो पाऊस आणि माण-खटावला दुष्काळ, तोच प्रकार. पर्जन्यछायेचा प्रदेश.

हार्नी काउंटीचं मुख्य गाव म्हणजे बर्न्स. समुद्रसपाटीपासून चार हजार फुटांहून जास्त उंचीवर आणि वर्षाचा पाऊस जेमतेम १०-११ इंच, त्यातही बर्फाचा वाटा मोठा. म्हणून या पट्ट्याला 'हाय डेझर्ट' म्हणजे उंचावरचं वाळवंट म्हणतात. इथे राजस्थानसारख्या वाळूच्या टेकड्या नाहीत. राखाडी-हिरव्या सेजब्रशच्या झुडपांचं माळरान आहे, मध्येच काळे कातळ, आणि दक्षिणेला ९,७३३ फुटांचा स्टीन्स माउंटन.

या भागाची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे हार्नी खोऱ्यातलं पाणी समुद्राला जातच नाही. उत्तरेकडून सिल्व्हीस नदी येते, दक्षिणेकडून डॉनर उंड ब्लिट्झन नदी येते आणि दोघी मॅल्ह्यूर नावाच्या उथळ तळ्यात जाऊन थांबतात. तिथून पाणी फार वाढलं तर शेजारच्या मड लेक आणि हार्नी लेकमध्ये जातं. पुढे वाट नाही. जे आलं ते उन्हात आटणार.

त्यामुळे हे तळं कधीच एका आकाराचं नसतं. १९३० च्या दशकातल्या दुष्काळात ते जवळपास कोरडं पडलं. १९८० च्या दशकात इतका बर्फ आणि पाऊस झाला की तिन्ही तळी एक झाली आणि पाण्याखालचं क्षेत्र १ लाख ७० हजार एकरांच्या वर गेलं. रँच बुडाले, रस्ते बुडाले, बर्न्सकडे जाणारा लोहमार्ग बुडाला. आणि १९९२ मध्ये तेच मॅल्ह्यूर तळं काही शे एकरांवर आलं.

आता अशा तळ्याचा काठ नकाशावर काढायचा कुठे? सगळ्या भानगडीचं मूळ इथे आहे.

आधी आले चौकोन

अमेरिकेत जमिनीचे नकाशे दोन वेगवेगळ्या कामांसाठी तयार झाले. पहिलं काम जमीन वाटण्याचं, दुसरं जमीन समजून घेण्याचं. टोपोग्राफिक नकाशे दुसऱ्या कामातून आले. पण पहिलं काम समजल्याशिवाय दुसरं कळत नाही.

१७८५ मध्ये अमेरिकेने ठरवलं की सरकारी जमीन विकण्याआधी तिचे चौकोन पाडायचे. सहा मैल लांब आणि सहा मैल रुंद अशा चौकोनाला 'टाउनशिप' म्हणायचं. त्यात एक-एक चौरस मैलाचे ३६ तुकडे, म्हणजे 'सेक्शन'. प्रत्येक सेक्शन ६४० एकरांचा. डोंगर असो, दरी असो, नदी असो, चौकोन तेच.

ओरेगनमध्ये हे मोजमाप १८५१ मध्ये पोर्टलंडजवळच्या एका खुणेपासून सुरू झालं. मोजणीदार साखळी ओढत, कोपऱ्यांवर खुंट आणि दगड रोवत पुढे गेले. त्यांच्या वहीत आणि नकाशात सापडलेला ओढा, गाडीवाट, कुणाचं शेत, सगळं नोंदलं जाई. आपल्याकडे सातबारा आणि गटाच्या नकाशाला जे महत्त्व, तेच तिथे या कागदांना.

हे चौकोन पाडायचं कारण म्हणजे वसाहत. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने १६० एकर जमीन जवळपास फुकट मिळू लागली. अट एकच, पाच वर्षं तिथे राहून ती कसायची. आयोवासारख्या पावसाच्या प्रदेशात १६० एकरांत कुटुंब जगायचं. हार्नीत तेवढ्या माळावर मोजकी गुरंही पोसायची नाहीत. सरकारला हे हळूहळू उमगलं. मग १९०९ च्या कायद्याने ३२० एकर आणि १९१६ मध्ये खास गुरं पाळणाऱ्यांसाठी ६४० एकर देऊ केले.

पण इथे खरा प्रश्न एकरांचा नव्हताच. ज्याच्याकडे पाणी, त्याच्याकडे सगळं. झरा किंवा ओढा असलेला एक चौकोन हातात असला की आजूबाजूचे शंभर कोरडे चौकोन आपोआप ताब्यात. कारण पाण्याशिवाय तिथे दुसरा कुणी गुरं आणणार कशी?

पीटर फ्रेंच आला आणि पाणी घेऊन बसला

हे गणित सगळ्यात आधी ज्यांना कळलं त्यातला एक म्हणजे पीटर फ्रेंच. १८७२ मध्ये तो कॅलिफोर्नियातून सुमारे १,२०० गुरं हाकत इथे आला. पैसा होता ह्यू ग्लेन नावाच्या बड्या गहू उत्पादकाचा. फ्रेंचने ब्लिट्झन नदीचं खोरं धरलं आणि 'पी रँच' उभा केला. पुढे फ्रेंच-ग्लेन कंपनीकडे लाखाहून जास्त एकर जमीन आली. आजही नकाशावर दिसणारं फ्रेंचग्लेन हे छोटंसं गाव याच दोन नावांचं.

एवढी जमीन मिळवायचा एक मार्ग होता पाणथळ जमिनीच्या कायद्याचा. केंद्र सरकारने दलदलीच्या जमिनी राज्याला दिल्या होत्या. राज्य त्या एकरी डॉलर-सव्वा डॉलरच्या आसपास विकत असे. मग काय, कोरड्या जमिनीही कागदावर दलदल झाल्या. पश्चिम अमेरिकेत एक दंतकथा अजून सांगतात. एका रँचरने म्हणे घोडागाडीवर होडी ठेवली, त्यात स्वतः बसला, माळरानभर फिरला आणि शपथेवर सांगितलं की 'मी ही सगळी जमीन होडीतून पार केली.' गोष्ट खरी असो नसो, त्या काळातल्या कारभाराचा अंदाज मात्र त्यावरून येतो.

आणि मग तळं मागे सरकलं

मोजणीदार चौकोन पाडत तळ्यापाशी आले की पाण्यात साखळी ओढता येत नाही. मग ते काठाकाठाने चालत वेडीवाकडी रेघ मोजत. तिला 'मिअँडर लाइन' म्हणतात. हेतू इतकाच की काठावरच्या तुकड्यात कोरडी जमीन किती एकर, हे काढायचं आणि तेवढ्याचेच पैसे घ्यायचे.

कायद्याचा सर्वसाधारण नियम असा की ही रेघ मालकीची हद्द नसते. हद्द म्हणजे प्रत्यक्ष पाणी. पाणी मागे गेलं, तर काठावरच्या मालकाची जमीन पाण्यामागोमाग पुढे वाढते.

फ्रेंचच्या कंपनीकडे मॅल्ह्यूरच्या काठाची जमीन होती. तळं आटत गेलं तशी नवी ओलसर, गवताची जमीन उघडी पडली. कंपनी म्हणाली, 'काठ आमचा, म्हणजे पुढची जमीनही आमची.' पण तोवर तिथे गरीब होमस्टेडर घुसले होते. त्यांचं म्हणणं, 'ही जमीन कुणाच्याच कागदावर नाही, म्हणजे ती सरकारी आणि आम्ही तिच्यावर हक्क सांगणार.'

वर्षानुवर्षं खटले, कुंपणं आणि भांडणं चालली. २६ डिसेंबर १८९७ रोजी एड ऑलिव्हर नावाच्या होमस्टेडरने पीटर फ्रेंचला गोळी घालून ठार केलं. ऑलिव्हरच्या तुकड्याकडे जायची वाट फ्रेंचच्या जमिनीतून होती आणि वाद तिच्यावरून पेटला होता. फ्रेंचच्या हातात तेव्हा बंदूक नव्हती. तरीही स्थानिक ज्यूरीने ऑलिव्हरला निर्दोष सोडलं. लोकांची सहानुभूती कुणाकडे होती हे सांगायला तेवढं पुरेसं आहे.

नकाशा खरा की जमीन?

फ्रेंच गेला, पण कंपनीचा खटला चालू राहिला. कंपनी विरुद्ध स्प्रिंगर हे प्रकरण १९०२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात निकाली निघालं.

कंपनीचा मुद्दा सरळ होता. सरकारी नकाशात आमच्या जमिनीला लागून तळं दाखवलं आहे, तोच अंतिम पुरावा. समोरच्या बाजूचा मुद्दा त्याहून सरळ होता. मोजणी झाली तेव्हा तिथे तळं नव्हतंच. पाणी बरंच लांब होतं, नकाशावरची रेघ चुकीच्या जागी पडली.

ज्यूरीने साक्षी ऐकून दुसरी बाजू मान्य केली होती. सर्वोच्च न्यायालयानेही ती कायम ठेवली. म्हणजे नकाशात तळं दाखवलं म्हणून तिथे तळं होतं असं गृहीत धरता येणार नाही. जमिनीवर खरंच काय होतं ते बघावं लागेल.

दुसरा मोठा निकाल १९३५ चा. यावेळी समोरासमोर होते अमेरिकेचं केंद्र सरकार आणि ओरेगन राज्य. मधल्या काळात, १८ ऑगस्ट १९०८ रोजी, राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी तळ्यांचा परिसर पक्षी अभयारण्य म्हणून राखीव केला होता. पिसांच्या टोप्यांच्या फॅशनसाठी इथले बगळे हजारोंनी मारले गेले होते. पुढे दुष्काळात तळं आटलं आणि प्रश्न उभा राहिला की मिअँडर लाइनच्या आतल्या सुमारे ८० हजार एकर तळाचा मालक कोण?

उत्तर एका भलत्याच गोष्टीवर अडलं. १८५९ मध्ये ओरेगन राज्य झालं तेव्हा या तळ्यांतून जलवाहतूक होऊ शकत होती का? होत असेल तर तळ राज्याचा. नसेल तर केंद्राचा. मग कोर्टात पाण्याची खोली, लव्हाळे, जुने प्रवासी, शिकाऱ्यांच्या होड्या, सगळ्याची छाननी झाली. न्यायालयाने ठरवलं की उथळ, गवताने भरलेल्या पाण्यात बदकं मारायला होडी ढकलणं म्हणजे जलवाहतूक नव्हे. तळ केंद्राचा ठरला आणि अभयारण्य टिकलं. त्याच सुमारास ब्लिट्झन खोऱ्यातली फ्रेंचची जुनी कुरणंही सरकारने विकत घेऊन अभयारण्याला जोडली.

टोपोग्राफिक नकाशे कुठून आले?

चौकोनांच्या नकाशात डोंगराची उंची नव्हती, उताराचा अंदाज नव्हता. ते काम केलं यूएसजीएसने, म्हणजे १८७९ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेने. तिचे दुसरे संचालक जॉन वेस्ली पॉवेल यांनी १८८४ च्या सुमारास संसदेला पटवलं की सगळ्या देशाचा एकसारखा नकाशा हवा. पश्चिमेच्या कोरड्या भागात धरणं आणि कालवे कुठे बांधता येतील हे कळायचं तर आधी उतार माहीत हवा, हे पॉवेल यांना चांगलं ठाऊक होतं.

या नकाशांचा जीव म्हणजे समोच्च रेषा, ज्यांना ट्रेकर मंडळी 'कंटूर' म्हणतात. सारख्या उंचीच्या जागा जोडणारी रेघ म्हणजे समोच्च रेषा. रेषा जवळजवळ असतील तर खडा चढ, लांब लांब असतील तर सपाटी. सह्याद्रीत टोपोशीट घेऊन फिरणाऱ्यांना हे सांगायला नको.

सुरुवातीला हे काम हाताने व्हायचं. तिकाटण्यावर लाकडी फळी, फळीवर कागद, आणि कागदावर दुर्बीण बसवलेली पट्टी. मोजणीदार टेकडीवर उभा राहून दिसेल तो मुलुख तिथल्या तिथे कागदावर उतरवायचा. घोडे, खेचरं, तंबू आणि पिण्याचं पाणी बरोबर. १९३० च्या दशकापासून विमानातून काढलेल्या फोटोंचा वापर वाढत गेला आणि कामाचा वेग बदलला.

तपशीलही वाढत गेला. आधीच्या नकाशांचं प्रमाण १:१,२५,००० च्या आसपास, म्हणजे एका इंचात साधारण दोन मैल. नंतर १:६२,५००, एका इंचात मैलभर. शेवटी १:२४,०००, एका इंचात दोन हजार फूट.

पण सरकारी पैसा आधी जातो माणसं आणि खाणी असतात तिकडे. त्यामुळे पूर्वेकडच्या शहरांचे नकाशे तीन-चार वेळा सुधारून झाले तरी पश्चिमेच्या ओसाड भागाचे तपशीलवार नकाशे रखडलेलेच होते. काम उरकावं म्हणून १९८० च्या दशकात 'प्रोव्हिजनल' म्हणजे तात्पुरत्या आवृत्त्याही छापल्या गेल्या. १:२४,००० मालिकेतले मुख्य भूमीवरचे ५० हजारांहून जास्त नकाशे १९९२ मध्ये एकदाचे पूर्ण झाले.

शहरात घर दिसत नाही, वाळवंटात विहीर दिसते

या नकाशांची एक गंमत आहे. दाट वस्तीच्या शहरात प्रत्येक घर दाखवायला जागा नसते. मग तो सगळा भाग गुलाबी-लालसर रंगाने भरतात आणि शाळा, चर्च, रुग्णालय एवढंच काळ्या ठिपक्यांनी दाखवतात.

हार्नीसारख्या ठिकाणी उलटं होतं. मैलोन्‌मैल काहीच नसल्यामुळे जे काही आहे ते सगळं नकाशात येतं. एकटं घर, पडकी झोपडी, पवनचक्की, गुरं कोंडायचं कुंपण, पाण्याची टाकी, झरा. अनेक रँच नावानिशी येतात. पी रँच, अल्व्होर्ड रँच, व्हाइटहॉर्स रँच, रोअरिंग स्प्रिंग्ज रँच. माणसं जितकी कमी, तितका प्रत्येक ठिपका मोलाचा.

म्हणूनच एकाच जागेचे वेगवेगळ्या काळातले नकाशे शेजारी ठेवले की इतिहास उलगडतो. १९१० च्या दशकात स्टीन्सच्या पश्चिमेच्या कॅटलो खोऱ्यात होमस्टेडरांची झुंबड उडाली. जाहिराती सांगत होत्या की पाऊस येईल, गहू पिकेल. शाळा निघाल्या, टपाल कचेऱ्या निघाल्या, ब्लिट्झन नावाचं गाव वसलं. पाऊस काही आला नाही. काही वर्षांतच लोक सामान बांधून गेले. आज ब्लिट्झन हे भुताचं गाव म्हणून ओळखलं जातं. असं गाव आधी ठिपक्यांचा पुंजका असतं, मग एक-दोन ठिपके उरतात, आणि शेवटी उरतं ते फक्त नाव.

नावांचंही राजकारण असतं

मॅल्ह्यूर हा मूळ फ्रेंच शब्द, अर्थ 'दुर्दैव'. फर विकणाऱ्या फ्रेंच-कॅनेडियन शिकाऱ्यांनी ते नाव नदीला दिलं. डॉनर उंड ब्लिट्झन म्हणजे जर्मनमध्ये 'मेघगर्जना आणि वीज'. १८६४ मध्ये सैनिकांची तुकडी वादळात ही नदी ओलांडत होती, म्हणून ते नाव.

सगळ्यात गाजलेलं नाव मात्र स्टीन्स माउंटनवरच्या एका कुरणाचं. मेंढपाळांच्या हंगामात तिथे तंबू टाकून वेश्याव्यवसाय चाले आणि लोक त्या कुरणाला उघडपणे 'व्होअरहाउस मेडो' म्हणजे कुंटणखान्याचं कुरण म्हणत. १९६० च्या दशकात सरकारी खात्याला ते नाव नकाशावर नकोसं वाटलं. त्यांनी ते 'नॉटी गर्ल मेडो' म्हणजे 'खट्याळ पोरीचं कुरण' असं केलं. ओरेगनच्या स्थलनाम मंडळाला हे पटलं नाही. लोकांनी दिलेलं नाव सोवळं करून इतिहास बदलत नाही, असा आग्रह धरला गेला आणि शेवटी जुनं नाव परत आलं.

पण सगळीच जुनी नावं परत आणण्याजोगी नाहीत. मूळनिवासी स्त्रियांसाठी अपमानास्पद असलेला 'स्क्वॉ' हा शब्द पश्चिमेच्या शेकडो टेकड्यांना, ओढ्यांना चिकटलेला होता. २०२२ मध्ये केंद्र सरकारने देशभरातली अशी सुमारे ६५० नावं बदलली. जुन्या नकाशांवर ती अजूनही वाचायला मिळतात. ती खोडलेली नाहीत, कारण ती ज्या काळाची आहेत त्याचा पुरावा आहेत.

नकाशा काय सांगत नाही?

चौकोन पाडले गेले तेव्हा ही जमीन रिकामी नव्हती. इथे उत्तर पायुट लोक हजारो वर्षं राहत होते. १८७२ मध्ये सरकारने त्यांच्यासाठी मॅल्ह्यूर राखीव क्षेत्र ठरवलं, सुमारे १८ लाख एकरांचं. पण रँचर आत घुसत राहिले. १८७८ मध्ये बॅनॉक युद्ध झालं. त्यानंतर १८७९ च्या जानेवारीत, ऐन बर्फात, पायुट कुटुंबांना शेकडो मैल दूर वॉशिंग्टन प्रदेशातल्या यॅकिमा राखीव क्षेत्रात हाकलण्यात आलं. पुढे हे राखीव क्षेत्रच रद्द झालं आणि जमीन इतरांना खुली झाली.

विसाव्या शतकातले टोपोग्राफिक नकाशे उघडले तर त्या १८ लाख एकरांची हद्द दिसत नाही. चौकोन दिसतात, रँच दिसतात. आधीची रेघ पुसलेली. आज बर्न्स पायुट जमातीकडे बर्न्सजवळची थोडी जमीन आहे.

हा मुद्दा २०१६ मध्ये जगासमोर आला. त्या वर्षी २ जानेवारीला एका सशस्त्र गटाने मॅल्ह्यूर अभयारण्याचं मुख्यालय ताब्यात घेतलं आणि ते ४१ दिवस धरून ठेवलं. मागणी होती की केंद्राने जमीन 'मूळ मालकांना', म्हणजे रँचरांना परत करावी. हार्नी काउंटीतली सुमारे तीन चतुर्थांश जमीन केंद्र सरकारची आहे, त्यामुळे हा राग जुना. त्यावर पायुट जमातीने जाहीरपणे आठवण करून दिली की परत करायचीच तर यादीत पहिलं नाव कुणाचं, ते आधी तपासा.

जुना नकाशा वाचताना काय बघायचं?

- रंग: तपकिरी म्हणजे समोच्च रेषा. निळा म्हणजे पाणी. हिरवा म्हणजे झाडी. काळा म्हणजे माणसाने बांधलेलं. लाल म्हणजे मोठे रस्ते आणि चौकोनांच्या रेघा. जांभळा म्हणजे नंतर विमानातल्या फोटोंवरून केलेली दुरुस्ती, जी बहुतेकदा जागेवर जाऊन तपासलेली नसते.
- तुटक निळी रेघ: बारमाही ओढा सलग रेघेने दाखवतात, हंगामी ओढा तुटक रेघेने. कोरड्या भागात हा फरक सगळ्यात महत्त्वाचा.
- तारखा: एकाच नकाशावर दोन-तीन वर्षं असतात. विमानातून फोटो घेतल्याचं वर्ष, जागेवर तपासल्याचं वर्ष आणि छापल्याचं वर्ष. १९७० चा छापील नकाशा दहा वर्षांपूर्वीचं तळं दाखवत असू शकतो.
- जीपीएसचा घोळ: जुने नकाशे १९२७ च्या मोजणी-आधारावर बनलेत. फोनमधलं जीपीएस वेगळा आधार वापरतं. त्यामुळे पश्चिम अमेरिकेत ठिकाण शंभर मीटरपर्यंत सरकलेलं दिसू शकतं. झरा शोधत असाल तर हा फरक मोठा आहे.
- मालकी: टोपोग्राफिक नकाशा हा मालकीचा पुरावा नाही. त्यावर कुंपण दिसलं म्हणून जमीन कुणाची ते ठरत नाही.

मग आज या नकाशांचं काय काम?

सध्या हार्नी खोऱ्यातला मोठा प्रश्न जमिनीखालच्या पाण्याचा आहे. गेल्या काही दशकांत विहिरींच्या पाण्यावर गोल फिरणाऱ्या सिंचन यंत्रांनी वैरणीची शेती वाढली. काही ठिकाणी भूजल पातळी १०० फुटांहून जास्त खाली गेली. २०१६ मध्ये राज्याने नव्या भूजल परवान्यांवर निर्बंध आणले. आता पाणी कुणी किती कमी उपसायचं, यावर शेतकरी, रँचर, पायुट जमात आणि पर्यावरणवादी यांच्यात ओढाताण आहे.

अशा वेळी पहिला प्रश्न येतो की पूर्वी पाणी कुठे होतं? यूएसजीएसने या खोऱ्याच्या पाण्याचा अभ्यास १९०९ आणि पुन्हा १९३९ मध्ये प्रसिद्ध केला होता. ते अहवाल आणि जुने नकाशे एकत्र वाचले की कुठे झरे होते, कुठे ओल होती, याचा अंदाज येतो. नव्या पंपांच्या आधीची स्थिती सांगणारे साक्षीदार फार थोडे आहेत आणि हे कागद त्यातले एक.

नवे नकाशे ही उणीव भरून काढत नाहीत. २००९ पासून यूएसजीएस संगणकावर आपोआप तयार होणारे 'यूएस टोपो' नकाशे काढते. ते ठरावीक काळाने नवे होतात, स्वच्छ दिसतात. पण कुणी प्रत्यक्ष जागेवर जाऊन पवनचक्की, विहीर, पडकं घर टिपत नाही. जुन्या नकाशांतले असे कितीतरी तपशील नव्यात नाहीत.

चांगली गोष्ट म्हणजे जुने नकाशे कुणालाही फुकट बघता येतात. १८८४ ते २००६ या काळातले पावणेदोन लाखांहून जास्त नकाशे यूएसजीएसने स्कॅन करून 'टोपोव्ह्यू' या संकेतस्थळावर ठेवलेत. जागेचं नाव टाकलं की त्या जागेचे सगळे नकाशे वर्षानुसार समोर येतात. चौकोनांच्या मूळ मोजणीचे कागदही अमेरिकेच्या जमीन व्यवस्थापन खात्याने ऑनलाइन आणले आहेत.

सुरुवात करायची असेल तर मॅल्ह्यूर लेक शोधा आणि वेगवेगळ्या वर्षांचे नकाशे एकामागोमाग एक उघडा. प्रत्येकात निळ्या रंगाचा आकार तपासा आणि कोपऱ्यातलं वर्ष वाचा. कुठल्याही एका नकाशातला काठ हा तळ्याचा कायमचा काठ नाही, तो फक्त त्या वर्षीचा काठ आहे. १९०२ मध्ये न्यायालयासमोर हाच प्रश्न होता, आणि पाण्याच्या वादात आज जुना नकाशा पुढे करणाऱ्यालाही त्याचं उत्तर द्यावंच लागतं.